प्रोस्टेट कॅन्सर: एमआरआय वाचणारं एआय आणि स्लाइड वाचणारं एआय

प्रोस्टेटच्या तपासणीत ‘एआयनेही बघितलं’ असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं: काय बघितलं? एमआरआय की बायोप्सीची स्लाइड? एकाचं काम सुई टोचण्याआधीचं, दुसऱ्याचं नंतरचं.

एमआरआयवरचं सॉफ्टवेअर मुख्यतः टी-टू (ग्रंथीची रचना दाखवणारी), डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी) आणि एडीसी (त्या हालचालीचा नकाशा) या प्रतिमा एकत्र वाचतं. पेशी दाटीने असतील तिथे पाण्याचे रेणू मोकळे फिरत नाहीत. ती जागा एडीसीवर काळी दिसते. सॉफ्टवेअर तिथे रंग भरतं आणि संशयाचा आकडा देतं. संशयाचाच, कारण जुनी सूजही तशीच दिसू शकते. रेडिऑलॉजिस्ट संशय १ ते ५ अशा पाय-रॅड्स श्रेणीत मांडतो; त्यातल्या ‘पाय-रॅड्स ४’चंही तेच. तो वाचून घरचे हादरतात, पण ही कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे. ग्रंथीच्या बाहेरच्या भागातला ठळक डाग दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असला तर ४, तेवढा किंवा मोठा असला तर ५.

इथली चूक बहुतेकदा प्रतिमेतूनच येते. गुदाशयात वायू साठला असेल, तर डिफ्युजनची प्रतिमा नेमकी प्रोस्टेटच्या मागच्या कडेला वेडीवाकडी होते, आणि बहुतेक गाठी त्याच बाजूला असतात. खुब्यात धातूचा सांधा असला तरी तीच अडचण. बायोप्सीनंतर आत साकळलेलं रक्तही फसवतं; म्हणून मध्ये निदान सहा आठवडे जाऊ देतात.

स्लाइडवरच्या एआयसमोर मात्र प्रत्यक्ष ऊती असते: जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे धाग्यासारखे तुकडे, साधारण बारा आणि वर संशयित जागेतले दोन-चार. रंगवलेली स्लाइड स्कॅन होते, प्रतिमेचे हजारो चौकोन पडतात आणि प्रत्येकातल्या सूक्ष्म ग्रंथींची ठेवण तपासली जाते. कॅन्सर किती आक्रमक दिसतो, हे सांगणारा त्या ठेवणीचा आकडा म्हणजे ग्लीसन. सुट्या, नीट घडलेल्या ग्रंथी म्हणजे ग्लीसन ३. एकमेकींत मिसळलेल्या किंवा चाळणीसारख्या म्हणजे ४. ग्रंथीच उरली नाही, सुट्या पेशी पसरल्या, तर ५. आधी जास्त दिसणारी ठेवण, मग दुसरी, असे आकडे मांडतात. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज सातच, पण १ ते ५ या ग्रेड ग्रुपांत (वरचा म्हणजे जास्त आक्रमक) पहिला ग्रुप २ आणि दुसरा ३. या सीमेवर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही. ४चं प्रमाण मोजून देणं हा आमच्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत रोकडा उपयोग. ते अडखळतं ते घडी पडलेल्या छेदावर, धूसर स्कॅनवर आणि दुसऱ्या लॅबच्या वेगळ्या रंगछटेवर.

पुरावाही वेगवेगळा वाचावा. २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) पेज प्रोस्टेट या स्लाइड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, ती पॅथॉलॉजिस्टच्या मदतनिसाची. त्यासाठीच्या अभ्यासात या मदतीने १६ पॅथॉलॉजिस्टांची स्लाइडवर कॅन्सर ओळखण्याची क्षमता सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढली. एमआरआयसाठी २०२४चा पाय-काय अभ्यास: ४०० तपासण्यांत एआय ६२ रेडिऑलॉजिस्टांच्या सरासरीहून सरस ठरलं, पण रुग्णालयांत रोजच्या कामात दिलेल्या मूळ रिपोर्टांपुढे ते निदान तोडीस तोड आहे, एवढंही सिद्ध झालं नाही. तिथल्या डॉक्टरांच्या हाती रुग्णाची माहिती आणि जुन्या तपासण्याही होत्या.

एमआरआयवर ठळक संशय आणि स्लाइड स्वच्छ, असं झालं तर ‘एआय चुकलं’ म्हणून फाइल बंद करू नये. स्लाइडवरचं एआय सुईत आलेलंच बघतं. शेजारची गाठ सुटली, तर त्याला ती दिसणार कशी? आधी सुई त्या डागातच गेली होती का ते तपासावं, एमआरआय दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टला दाखवावा, पीएसएचा (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा) कल पाहावा. संशय तरीही टिकला, तर त्याच जागेची बायोप्सी पुन्हा करावी लागते.