सूक्ष्मतरंग रेडिओमीटरने सागरी वाऱ्यांचे मापन

समुद्रपृष्ठातून निसर्गतः बाहेर पडणारे सूक्ष्मतरंग प्रारण उपग्रहावरून मोजून त्यावरून पृष्ठालगतच्या वाऱ्याचा वेग काढण्याची पद्धत. रेडिओमीटर स्वतः तरंग सोडत नाही, येईल ते प्रारण टिपतो. स्कॅटरोमीटर या रडार-उपकरणाहून तो याच बाबतीत वेगळा आहे.

खरे तर या उपकरणाला वारा दिसतच नाही. दिसतो तो वाऱ्याने खडबडीत केलेला समुद्र. शांत पाणी सूक्ष्मतरंगांचे चांगले परावर्तक आणि म्हणूनच दुबळे उत्सर्जक असते. तिरक्या कोनातून पाहिल्यास आडव्या ध्रुवणात (तरंगाच्या कंपनाची दिशा आडवी असताना) त्याचे दीप्ती-तापमान (प्रारणाच्या तीव्रतेवरून ठरणारे तापमान) प्रत्यक्ष तापमानाच्या निम्म्याहूनही कमी भरते. वारा सुटला की पृष्ठावर बारीक लाटा उठतात, उतार बदलतात आणि उत्सर्जन वाढते. वेग सेकंदाला सुमारे ७ मीटरच्या पुढे गेला की फेसही दिसू लागतो. फेस हा जवळजवळ कृष्ण पदार्थासारखा (सर्व प्रारण शोषणाऱ्या व जास्तीत जास्त सोडणाऱ्या आदर्श पदार्थासारखा) उत्सर्जक असल्याने थोड्याशा फेसानेही दीप्ती-तापमान चढते. उभ्या ध्रुवणावर मात्र सुमारे ५३ अंशांच्या आपाती कोनात (पृष्ठाच्या लंबापासून मोजलेल्या कोनात) मंद व मध्यम वाऱ्याचा परिणाम नगण्य असतो. म्हणून बहुतेक रेडिओमीटर याच कोनाच्या आसपास पाहतात आणि दोन्ही ध्रुवणे मोजतात.

वाऱ्याचा हा परिणाम तसा लहान असतो आणि त्यात बाष्प, ढगांतील पाणी व समुद्राचे तापमान यांचाही वाटा मिसळलेला असतो. तो वेगळा काढण्यासाठी एकाच वेळी अनेक वारंवारतांवर मोजमाप करतात. उदा., २२ गिगाहर्ट्झजवळ बाष्पाची, तर ३७ गिगाहर्ट्झला ढगांतील पाण्याची खूण ठळक असते. मिळालेला वेग १० मीटर उंचीवरचा म्हणून देतात. पाऊस नसताना तो तरंगत्या बोयांवरील नोंदींशी सेकंदाला सुमारे १ मीटरच्या फरकाने जुळतो.

१९७८ मध्ये सीसॅट आणि निंबस-७ या उपग्रहांवर अशी उपकरणे गेली. नित्याच्या वापराची खरी सुरुवात १९८७ मधील एसएसएम/आय या उपकरणाने झाली. तोवर वाऱ्याच्या नोंदी मुख्यतः जहाजांच्या वाटांपुरत्या होत्या. पुढे एएमएसआर या रेडिओमीटरांच्या मालिकेने हे काम चालू ठेवले.

साध्या रेडिओमीटरला दिशा कळत नाही. २००३ मध्ये सोडलेल्या विंडसॅट या रेडिओमीटरने ध्रुवणाचे सर्व घटक मोजून दिशाही काढता येते हे दाखवले. मंद वाऱ्यात मात्र ही खूण फार क्षीण असते. किनाऱ्यालगत जमिनीचे प्रखर उत्सर्जन मोजमापात शिरते, त्यामुळे तेथील नोंदी टाकून द्याव्या लागतात.

सर्वांत मोठी अडचण पावसाची, आणि नेमक्या वादळातच ती उभी राहते. १.४ गिगाहर्ट्झला मात्र पावसाचा अडथळा फारच कमी असतो. समुद्राची क्षारता मोजण्यासाठी २००९ मध्ये सोडलेला एसएमओएस आणि मातीतील ओलाव्यासाठी २०१५ मध्ये गेलेला एसएमएपी हे दोन्ही उपग्रह याच वारंवारतेवर पाहतात. चक्रीवादळांचे वारे मोजणे हा त्यांचा आनुषंगिक लाभ ठरला. प्रचंड वेगात रडारचा प्रतिसाद मंदावतो, पण फेसामुळे हे उत्सर्जन वाढतच राहते. मात्र त्यांचा एकेक ठिपका सुमारे ४० किमी. रुंदीचा असतो, त्यामुळे वादळाच्या डोळ्याभोवतीच्या अरुंद पट्ट्यातला सर्वोच्च वेग सरासरीत बुडून जातो.