मृदा-कर्ब, काळ्या जमिनीतील

दख्खनच्या काळ्या (रेगूर) जमिनीत साठलेला सेंद्रिय कर्ब (सजीवांच्या अवशेषांतून आलेला कार्बन); जमिनीच्या वापरानुसार तो कमीजास्त होतो. रंगावरून ही जमीन कर्बाने समृद्ध वाटते. प्रत्यक्षात कोरडवाहू शेतांत वरच्या थरातील प्रमाण बहुधा ०.५ टक्क्याच्या आसपास वा त्याखाली, म्हणजे माती परीक्षणाच्या प्रचलित प्रतवारीत ‘कमी’ भरते.

या काळेपणाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात तो कुजलेल्या वनस्पतींचा मानला जाई व युक्रेन-रशियातील चेर्नोझेम या काळ्या मातीशी तुलना होई. चेर्नोझेममध्ये सेंद्रिय द्रव्य कितीतरी अधिक असल्याने ही तुलना टिकत नाही. बेसाल्ट खडकातील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाला कारण मानणारा दुसरा पक्ष आहे. मात्र त्याच बेसाल्टपासून लाल मातीही तयार होते, याचा उलगडा तो पुरेसा करत नाही. स्मेक्टाइट या ओलीने फुगणाऱ्या चिकणमातीला घट्ट जखडलेला थोडासा ह्यूमस (कुजून उरलेले सेंद्रिय द्रव्य) रंग देतो, हे मत आज अधिक ग्राह्य दिसते. जखडलेला हा भाग सूक्ष्मजीवांच्या सहजी हाती लागत नाही. नांगरट सुरू झाली की आधी जातो तो काडीकचऱ्याचा मोकळा अंश.

ग्वो व गिफर्ड यांनी २००२ मध्ये जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. नैसर्गिक वनाचे शेत झाल्यास मृदा-कर्बात सरासरी ४२ टक्के, तर कुरण मोडल्यास ५९ टक्के घट त्यात आढळली. शेताचे कुरण केल्यावरची वाढ मात्र १९ टक्केच. भारतापुरता जेनी व रायचौधुरी यांचा १९६० चा अभ्यास पायाभूत होय.

दक्षिणेत खोल काळ्या रानात पावसाळाभर जमीन पड ठेवून, वखराच्या पाळ्या देत, रब्बी ज्वारी वा हरभरा घेण्याची रीत आहे. ओल्या चिकण रानात औत घालता येत नाही, हे त्याचे एक कारण. हैदराबादजवळ पटनचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९७६ पासून या रीतीची तुलना रुंद वरंबा-सरीवरील सुधारित पीकपद्धतीशी केली. तीत ज्वारी-तुरीचे आंतरपीक व खतेही होती. सुमारे दोन दशकांनी १२० सेंमी. खोलीपर्यंत हेक्टरी कर्ब पारंपरिक रानात ३९.५ टन, तर सुधारित रानात ४६.८ टन भरला. केवळ वरची वीतभर माती तपासून काढलेले निष्कर्ष म्हणून अपुरे ठरतात.

मोजणीही सरळ नाही. ओलीने फुगलेल्या आणि उन्हाने भेगाळलेल्या मातीची घनता वेगळी असल्याने ३० सेंमी. थरात सुकी माती दरवेळी सारखी येत नाही. तुलना समान खोलीऐवजी सुक्या मातीच्या समान वस्तुमानावर करणे इष्ट. सेंद्रिय कर्ब रसायनाने मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत (१९३४) कर्बाचे ऑक्सिडीकरण अपुरे होते, म्हणून उत्तराला साधारण १.३ ने गुणतात. सर्व मातींना हा गुणक सारखा लागू पडतो असे नाही.

महाराष्ट्रात उसाचे पाचट पेटवणे व पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) सरपणाला नेणे यांनी मातीत परतणारा काडीकचरा घटतो. चुनखडीच्या रूपातील असेंद्रिय कर्बाचा हिशेब वेगळा असून रुक्ष भागात खोल थरांत त्याचे प्रमाण बरेच असते.