चारशे अठ्ठ्याण्णव वेगळं, डीव्ही वेगळं

"केस नको ताई. त्याला आत घातलं तर पोरांकडं कोण बघणार?" सांगली, तासगाव, विटा, पलूस, कुठंही जा, मार खाल्लेली बाई हेच म्हणते. तिच्या शेजारी बसलेला भाऊ मान डोलावतो, आणि अर्ध्या तासात ती पुन्हा त्याच घराकडं निघते. भाऊ, पोलीस पाटील, शिकलेली वहिनी, सगळ्यांच्या डोक्यात एकच पक्कं बसलंय: नवऱ्याविरुद्ध कायदा म्हणजे चारशे अठ्ठ्याण्णव, सासरच्या छळाचं फौजदारी कलम. डीव्ही नावाचा दुसरा कायदा आहे हे कुणाला माहीतच नसतं. या एका गैरसमजापायी किती बायका मदत न घेता परत गेल्या ते मी बघत आले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

चारशे अठ्ठ्याण्णव अ तुम्हाला ठाऊक आहेच. 1983 साली दंड विधानात आलं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 झालं. ठाण्यात फिर्याद, नवरा आणि सासरची माणसं आरोपी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी बेड्या, हे मात्र आता डोक्यातून काढा. 2014 च्या अर्णेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अटक खरंच गरजेची आहे का, हे पोलिसांनी आधी तपासायचं.

डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. दोन्हीकडं मॅजिस्ट्रेटचंच कोर्ट, दोन्हीकडं तारखा. म्हणून लोक दोघांना एकाच पिशवीत घालतात. पण चारशे अठ्ठ्याण्णवचा खटला सरकार चालवतं, त्यात बाई साक्षीदार असते, आणि सगळं जाऊन थांबतं ते नवऱ्याला शिक्षा होते की नाही इथं. निकाल लागेपर्यंत ती कुठं राहणार, काय खाणार, याचं उत्तर त्या खटल्यात नसतं. डीव्हीचा अर्ज बाईचा स्वतःचा असतो आणि त्यात ती मागते ते तिच्यासाठी: मारू नये, कामाच्या जागी येऊन तमाशा करू नये असा संरक्षण आदेश. दरमहा खर्चाचे पैसे. पोरांचा ताबा. अंगावरून काढून घेतलेलं स्त्रीधन परत. आणि राहतं घर. यात कुणाला अटक होत नाही. तुरुंगाची गोष्ट येते ती आदेश झाल्यावर नवऱ्यानं संरक्षणाचा आदेश मोडला तर. तो मोडणं दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे "त्याला आत घालायचं नाही, फक्त हात उचलू नको म्हणावं" असं म्हणणाऱ्या बाईसाठीच हा कायदा लिहिलाय, आणि तिलाच तो कुणी सांगत नाही.

पलूसकडची एक बाई आठवते. तिच्याजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, पोरीचा दाखला आणि चार घड्या घातलेली एनसीची पावती होती. घड्यांवर कागद फाटत आलेला. आठ महिने ती पावती जपून ठेवली होती, कारण तिला वाटत होतं की केस चालू आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत, हे पावती हातात देताना तिला सांगायला हवं होतं. तिला निवासाच्या आदेशाबद्दल सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "म्हणजे घर मी सोडायचं नाही?"

नाही, तुम्ही सोडायचं नाही. हे मी ठासून सांगते, कारण आपल्याकडं मार खाणारीनं माहेरी जायचं हेच गृहीत असतं. तुम्ही ज्या घरात संसार केला त्या घरातून तुम्हाला कायद्याची रीत सोडून बाहेर काढता येत नाही, आणि गरज पडली तर कोर्ट नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. "घराचा उतारा सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हे ऐकून गप्प बसू नका. 2020 साली सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं याच जिल्ह्यात परित्यक्ता बायकांच्या हक्कांसाठी लढा दिला, तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे, तर तो वापरा.

चारशे अठ्ठ्याण्णव फक्त बायकोसाठी. डीव्हीत आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून दिराविरुद्ध, लग्न न करता संसार केलेली बाई जोडीदाराविरुद्ध अर्ज करू शकते. बाईला स्वतः जाता येत नसेल, अंथरुणाला खिळली असेल, तर तिच्या वतीनं दुसऱ्यानं अर्ज केला तरी चालतो. त्यासाठी मारच खाल्लेला असायला हवा असंही नाही: पगार काढून घेणं, किराणा बंद करणं, रोजची घाण शिवीगाळ, बळजबरी, सगळं त्यात बसतं. आणि अर्ज सासरच्याच तालुक्यात करायचा असं बंधन नाही. ती तात्पुरती जिथं राहते तिथलं कोर्टही चालतं. कारखान्याच्या हंगामात कराडला किंवा वाळव्यात कोपीत राहणाऱ्या ऊसतोड बाईला त्यासाठी गावी जावं लागत नाही.

दोन्ही मार्ग एकदम चालवता येतात. एक निवडा, दुसरा सोडा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जाबरोबरच शपथपत्र जोडून अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागा, त्याच दिवशी मागा. वकिलाच्या पैशांसाठी अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज आणि घटनेचा अहवाल लिहून घेतात. लगेच जिवाला धोका असेल तर 112, सल्ल्यासाठी 181. शेजाऱ्यांनीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवावं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कायद्यानं कसलीही जबाबदारी येत नाही.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो "मिटवून टाका" या शब्दांचा. तंटामुक्तीच्या बैठकीत बांधाचं भांडण मिटतं तसा मार मिटत नाही. पाच पुरुष खुर्च्यांवर, बाई सतरंजीवर, आणि तिला विचारतात, "तू काय बोललीस म्हणून त्यानं मारलं?" डीव्हीच्या नियमांत समुपदेशन आहे, पण नियम 14 प्रमाणे तिथं मारणाऱ्याला आपल्या मारण्याचं समर्थन करता येत नाही, आणि हे त्याला आधीच बजावून सांगायचं असतं. समुपदेशनाला बसाल तेव्हा हा नियम मोठ्यानं वाचून घ्या.

जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या बायकांसाठी एक. जबाब मराठीत लिहिला जातो आणि खाली अंगठा घेतला जातो. "होडेद" म्हणजे मारलं, हे लिहिणाऱ्याला कळलंय का ते बघा. गावातली दोन्ही भाषा येणारी बाई सोबत न्या, तिच्याकडून सगळा जबाब कन्नडमध्ये ऐका, आणि त्यात घर, पैसे आणि पोरं हे तिन्ही आलंय याची खात्री झाल्यावरच अंगठा द्या.