टोमणा की थट्टा? मेसेजमध्ये ओळखायचं कसं

थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात मागणं काही नसतं. हसा, नाहीतर सोडून द्या. घोळ होतो तो टोमण्यापाशी. "दोन्ही एकच, मनावर घेऊ नको," असं ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसाला, ज्याला आडून बोललेलं ओळखणं जड जाऊ शकतं, सर्रास सांगतात, ते साफ चूक आहे. टोमण्यात तक्रार असते, आणि ती मनावर घ्यावी म्हणूनच तो मारलेला असतो.

लातूरच्या एखाद्या घरच्या ग्रुपवरचे दोन मेसेज घ्या. "दादा, तू आलास अन् पाऊस पळाला बघ." आणि, "दादा, सातला बोलावलं, नऊला आलास. लई लवकर आलास!" शब्दशः खरं दोन्हींत नाही. आता दोन्ही उलटून बघा. पहिलं उलटलं तर हाती काही लागत नाही, कारण पावसाचा दादाशी संबंधच नाही. दुसरं उलटलं की "लई उशीर केलास" निघतं, आणि तो उशीर खरंच झालेला असतो. मागोमाग अपेक्षाही येते: कारण सांग, नाहीतर चुकलं म्हण. उलटल्यावर खरं निघालं आणि त्यात कुणाची चूक दिसली, तर तो बहुतेक टोमणाच.

समोरासमोर "लईऽऽ लवकर" असा स्वर लांबतो. मेसेजात तो गळून पडतो. एक खूण मात्र लिहिण्यातही उरते: मान एकाएकी वाढतो. एरवी "ये रे" म्हणणारी अक्का लिहिते, "यावं जहागीरदार, आपलीच वाट बघत होतो." पण मामा लहान भाच्याला लाडानंही "काय साहेब, जेवलात का?" विचारतो, तिथं आधी काही बिनसलेलं नसतं. म्हणून मान वाढला की त्याच्या वरचे चार-पाच मेसेज वाचा. इमोजीवर भरवसा नको. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९८२ मध्ये हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली ती थट्टा ओळखू यावी म्हणून. आज तोच चेहरा टोमण्याखालीही सर्रास चिकटवतात.

लिहिणाऱ्यांनी खूण स्वतःच द्यावी. इंग्रजीत टोमण्याला तिरकी रेघ आणि 'एस' (/s, म्हणजे 'सार्कॅझम', टोमणा) लावतात, पण 'एस' म्हणजे 'सिरियस' असं वाचणारे निघतातच. मराठीत सरळ (टोमणा), (थट्टा), (मनापासून) लिहा, तेही त्याच मेसेजच्या शेवटी. वेगळा मेसेज टाकला तर मधे दुसऱ्याचं उत्तर घुसतं आणि खूण भलत्याच वाक्याची होते. विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे टोमणा लागला की "थट्टा केली रे" म्हणून अंग काढून घेणं. वाचणाऱ्यानं बरोबर ओळखलेलं असतं आणि त्यालाच चूक ठरवलं जातं. पुढच्या वेळी तो स्वतःच्या वाचण्यावर विश्वास ठेवत नाही. "हे मनापासून लिहिलंस का टोमणा आहे?" असं कुणी विचारलं तर एका शब्दात खरं उत्तर द्या. टोमणा असेल तर पाठोपाठ तक्रार सरळ लिहा: "नऊला आलास, भाकरी गार झाली."