युरोपात स्पेशालिस्ट व्हायचंय? आधी प्रशिक्षणाची वर्षं मोजा

एमबीबीएसनंतर आपल्याकडे एमएस सर्जरी ३ वर्षांत होते. युरोपियन युनियनमध्ये जनरल सर्जनचं प्रशिक्षण किमान ५ वर्षांचं लागतं. तिकडे अर्ज करणाऱ्याने कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी हा हिशोब मांडावा.

हे किमान कालावधी युरोपियन युनियनच्या २००५ सालच्या ३६ क्रमांकाच्या निर्देशात (सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा) विषयवार दिलेले आहेत. मेडिसिन, ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरीला ५ वर्षं. बालरोग, स्त्रीरोग, रेडिओलॉजीला ४. भूलशास्त्र, नेत्ररोग, कान-नाक-घसा आणि त्वचारोगाला ३. म्हणजे आपले भूलतज्ज्ञ निदान कागदावर तरी बसतात. पण एखादा देश याहून जास्तही मागू शकतो. जर्मनीत भूलशास्त्राला ५ वर्षं लागतात.

या नियमांनुसार एका सदस्य देशात तयार झालेल्या स्पेशालिस्टची पदवी दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मान्य होते. भारतीय पदवीला ही सोय नाही, पासपोर्ट कुठलाही असो. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोव्याच्या डॉक्टरांनी हे नीट लक्षात घ्यावं: नागरिकत्व युरोपचं झालं तरी गोवा मेडिकल कॉलेजची पदवी भारताचीच राहते. आधी एखाद्या देशाकडून पहिली मान्यता मिळवावी लागते, आणि ती देताना त्या देशालाही वरच्या किमान अटी पाळाव्या लागतात. मग तिथे ३ वर्षं प्रॅक्टिस केल्याचा दाखला घेऊन दुसऱ्या देशात अर्ज करता येतो. तिथेही मोठी तफावत दिसली, तर परीक्षा द्या किंवा देखरेखीखाली काम करा, असं सांगितलं जाऊ शकतं.

कागदपत्रं: नागरिकत्वाचा पुरावा, पदव्या, प्रशिक्षणाचा तपशील (रोटेशन आणि कालावधीसह, लॉगबुक जपून ठेवलं असेल तर सोनंच), कामाच्या अनुभवाचे दाखले आणि मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई नसल्याचा दाखला). हे शेवटचं सादर करताना ३ महिन्यांहून जुनं चालत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा. नाहीतर बाकीच्या कागदांची भाषांतरं होईपर्यंत त्याची मुदत संपायची. भाषेचं ज्ञान वेगळं तपासलं जातं.

अर्ज पोचल्याचं आणि काय कमी आहे ते त्या देशाच्या संस्थेने महिन्याभरात कळवायचं असतं. फाइल पूर्ण झाल्यावर निर्णयाला ३ महिने. आपोआप मान्यता नसेल तर आणखी एक.

१९५८ साली स्थापन झालेला ब्रसेल्समधला युरोपीय स्पेशालिस्टांचा संघ, यूईएमएस, विषयवार अभ्यासक्रम सुचवतो, पण ते कुठल्याही देशावर बंधनकारक नाहीत. भूलशास्त्राच्या ईडीएआयसीसारख्या युरोपियन परीक्षांनी सीव्हीला वजन येतं. नोंदणी मात्र त्या त्या देशाच्या अधिकृत संस्थेकडेच करावी लागते.