कार्बन फायबरचं भंगार आणि पर्यावरणाचा हिशेब

बोइंग 787 च्या वजनातला जवळपास निम्मा वाटा संमिश्रांचा, म्हणजे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ मिळून बनलेल्या पदार्थांचा आहे, त्यातही मुख्यतः कार्बन फायबर आणि इपॉक्सी राळ यांचा. 2011 पासून प्रवासी नेणारी ही विमानं पुढेमागे भंगारात निघणारच. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा ओतता येतं. इपॉक्सी मात्र एकदा कडक झाली की वितळतच नाही.

तरीही भंगारातून कार्बनचा तंतू परत मिळवायचा खटाटोप करावासा वाटतो, कारण नवा तंतू ऊर्जेच्या भावात फार महाग पडतो. तो करायला पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम प्लास्टिकचे धागे आधी 200 ते 300 अंशांवर भाजायचे, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायचे. किलोमागे 183 ते 286 मेगाज्यूल हा नेहमी दिला जाणारा आकडा. म्हणजे 50 ते 80 युनिट विजेइतकी ऊर्जा.

तंतू परत मिळवायची एक पद्धत म्हणजे पायरोलिसिस. त्यात भंगाराचे तुकडे ऑक्सिजनशिवाय 450 ते 700 अंशांवर तापवतात. राळ वायू आणि तेल होऊन निघून जाते, तंतूंवर काजळी राहते. ती काढायला थोडी हवा सोडावी लागते. जास्त झाली तर तंतूच जळू लागतो. शेवटी मिळतो पिंजलेल्या कापसासारखा काळा गुंता. ताकद बरीचशी शाबूत, पण लांबी आणि दिशा गेलेली. विमानाच्या पंखात याला पुन्हा जागा नाही.

पायरोलिसिसला किलोमागे साधारण 30 मेगाज्यूल लागतात. नव्या तंतूशी ताडून पाहिलं तर बचत डोळ्यांत भरते, आणि जाहिरातीत हीच तुलना असते. पण हा आखूड तंतू बऱ्याचदा काचतंतूच्या जागी जातो आणि काचतंतू 13 ते 32 मेगाज्यूलमध्ये तयार होतो. मग वाचलं काय? गाडी हलकी होऊन इंधन वाचलं तरच काही हाती लागतं. म्हणून जीवनचक्र मूल्यमापनाच्या, म्हणजे वस्तू बनण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजणाऱ्या अहवालात मी आधी ‘कशाच्या जागी’ हे गृहीतक शोधतो. बीएमडब्ल्यू आय3 या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या छतात कारखान्यातल्याच कातरणीचा तंतू वापरला होता, तो सौदा सरळ होता.

गाडून टाकण्याचा पर्याय तर आणखी चकवतो. हा कचरा कुजत नाही, त्यामुळे त्यातला कार्बन जमिनीतच राहतो. जाळला तर हवेत जातो. नुसता हरितगृह वायूंचा रकाना पाहिला, तर खड्डा जाळण्यापेक्षा बरा दिसतो. त्या खड्ड्यात किलोमागे दोनशे मेगाज्यूल पुरले गेले, हे त्या रकान्यात कुठेच येत नाही.