नवीन कॅमेऱ्याला पहिली लेन्स कोणती घ्यावी?

(आमच्या दुकानातून पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

कॅमेऱ्याचं बिल होत आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सोबत ती मोठी झूमपण द्या." आम्ही विकायलाच बसलो आहोत, नाही कशाला म्हणू? तरी आमचा सल्ला असा, की आधी किट लेन्स घेऊन जा, महिनाभर फोटो काढा आणि मग दुसऱ्या लेन्ससाठी या.

किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स, बहुधा १८-५५ एमएम. एमएमचा आकडा जितका लहान, तितकं जास्त रुंद दृश्य मावतं; जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. कॅननच्या काही नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसोबत १८-४५ मिळते. हिला नावं ठेवायची एक पद्धतच पडली आहे, पण भरपूर उजेडात ती चोख काम करते. वेरूळला कैलास लेण्याच्या आवारात उभं राहून देऊळ फ्रेममध्ये बसवायचं तर १८च लागते. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, पोळ्याला सजवलेली बैलजोडी, सगळं हिच्यात येतं.

अडतं ते उजेड कमी झाला की. ५५ वर झूम केलं की हिचं उजेड आत सोडणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त, एफ १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. मंगल कार्यालयात अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, हार घालायला हात वर जातात. तिथं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० ठेवूनही किट लेन्सला १/२० सेकंद शटर उघडं ठेवावं लागत असेल, तर हात आणि हार दोन्ही पुसट येणार. त्याच उजेडात १.८ वर १/२०० मिळतं. लेन्सवर लिहिलेलं व्हीआर किंवा आयएस तुमचा हात हलला तर सावरून घेतं; नवरदेव हलला तर त्याचा काही इलाज नाही.

म्हणून बहुतेकांची दुसरी लेन्स १.८ चीच असावी, असं आमचं मत. झूम नसते, दोन पावलं पुढंमागं व्हावं लागतं, एवढंच. आणि १.८ वर एकच चेहरा नीट फोकसमध्ये येतो. मागेपुढे उभ्या मंडळींचा ग्रुप फोटो असेल तर एफ ५.६ किंवा ८ वर या.

आता ३५ की ५०? सगळे 'फिफ्टी' मागतात, कारण ती बऱ्याचदा स्वस्त पडते आणि एकट्या माणसाचा फोटो फार देखणा येतो. पण सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमपेक्षा, लहान असतो, त्यामुळे ५० ची नजर ७५-८० एमएमइतकी अरुंद होते. दहा फुटांवरून कॅमेरा उभा धरला तरी ५० मध्ये साधारण साडेचार फूट उंची मावते. उभ्या माणसाचे पाय गेलेच. ३५ मध्ये साडेसहा फूट येते. बारसं, वाढदिवस, घरातली हळद यांसाठी आम्ही ३५ च हातात देतो. अजिंठ्यालाही तीच न्या. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि आत उजेड बेताचाच.

मोठी झूम, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३००, कुणी घ्यावी? शाळेच्या मैदानावरचे सामने आणि जायकवाडीचे पक्षी, या दोन कामांसाठी जरूर. मात्र नाथसागरातले, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातले, रोहित (फ्लेमिंगो) पक्षी काठापासून बरेच लांब असतात, ३०० नेही ते लहानच दिसतील. संध्याकाळच्या लग्नात ही लेन्स बॅगेतच राहते.

आपल्या कॅमेऱ्याला बसणारी लेन्स घ्या, हे तर आलंच. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी ५० एमएम एफ १.८ डी बसते, पण ऑटोफोकस होत नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं पाहा, म्हणजे मोटर लेन्समध्येच असते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आर मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॉप्टरने चालतात, ऑटोफोकससकट.

सेकंडहँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेतून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा मात्र फोटोत सहसा दिसत नाही, त्यावरून भाव पाडून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे खरी काळजी धुळीची. उन्हाळ्यात शेतात किंवा खळ्यावर लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, आडोशाला बदला. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका.

दुसऱ्या लेन्ससाठी याल तेव्हा कॅमेरा आणि फोटोंचं कार्ड सोबत आणा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती एमएमवर काढला ते दिसतं. बरेचसे ५५ वर असतील तर ५० पाहू, ३५ च्या आसपास असतील तर ३५. लेन्स काउंटरवर लावून, दुकानाच्या आतल्या कमी उजेडात चार फोटो काढून बघा. पैसे त्यानंतर.